आढ्याला ठोकलेल्या फळ्या

दगडूआबांच्या घरी गेलं की चहाआधी घोंगडीवर उताणं पडावं लागे. मी मुळशीत पोस्टमास्तर होऊन आलो तेव्हा मलाही ते चुकलं नाही. ग्रामसेवक पडले, गुरांचे डॉक्टर पडले, एकदा तर इस्त्रीची पँट सावरत तालुक्याचे साहेबही पडले. आबांचा हुकूम एकच, "खालून बगा. घाई न्हाई."

वर आढ्याला ओळीनं फळ्या ठोकलेल्या होत्या. आबांचा एकुलता मुलगा मिलिंद अमेरिकेत स्केटबोर्डच्या कारखान्यात होता. तिकडची पोरं चाकं लावलेल्या फळीवर उभी राहून रस्त्यानं घसरतात, उड्या मारतात. त्या फळ्यांवर चित्रं छापायच्या खात्यात मिलिंद काम करी. पत्र लिहायचा चार ओळींचं, पण वर्षा-दीड वर्षानं बिनचाकाची एक फळी पार्सलनं नेमानं पाठवायचा.

धरणावर पहारा करण्यात जन्म गेलेले आबा काठीनं एकेक फळी दाखवत.

"ही पयली. अरुंद. वर निस्तं कंपनीचं नाव, चित्राचा पत्ता न्हाई. मग फळ्या रुंद झाल्या. पोरं लई उंच उडायला लागली, फळीचं बूड लोकास्नी दिसायला लागलं, तवा चित्र खालच्या अंगाला गेलं. आदी चांदण्या, मग जाळ, मग ह्यो पंखांचा साप."

"आणि ही नावं कुणाची, आबा?"

"खेळणाऱ्यांची. पैलवानाचा लंगोट ज्याचा त्याचा, तशी नावाजल्याल्या गड्याची फळी ज्याची त्याची."

फळ्या भिंतीवर का लावत नाही, असं मी एकदा विचारलं. आबांनी बुद्धाच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. "भगवंताच्या शेजारी साप नि भुतं टांगू व्हय?"

भुतं म्हणजे ऐंशीनंतर आलेल्या कवट्या. पहिली कवटी आबांच्या घरी मीच नेऊन दिली. पार्सल उघडलं आणि आबांचा चेहरा उतरला. तिथंच मला पत्र लिहायला बसवलं : 'पोटभर जेवतोस का? हाडं का छापतोस?' महिन्याभरानं उत्तर आलं, 'आबा, सध्या पोरांना हेच आवडतं.' तेव्हा कुठे आबांचा जीव भांड्यात पडला. "बाजार हाय," म्हणाले आणि कवटी सापाशेजारी ठोकली. येईल त्याला सांगत, "आमच्या मिलिंदाचं काम."

अमेरिकेला गेल्यापासून दहा वर्षांनी मिलिंद पहिल्यांदाच गावी आला. लोकांनी त्याला घेरलंच. साप कसा सुचला, कवटी कशी सुचली, विचारून विचारून हैराण केलं. तिसऱ्या दिवशी पोस्ट उघडायच्या आधीच तो माझ्या दारात उभा.

"मास्तर, ती चित्रं माझी नाहीत. काढणारे चित्रकार वेगळे. मी कापडाच्या जाळीवरून फळीवर रंग ओढतो, बस्स. आबांना कसं सांगू?"

"चल, मी येतो," म्हटलं.

आबा ओसरीवर बसले होते. मिलिंदनं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. "आबा, मी खोटं बोललो नाही. पण खरंही कधी सांगितलं नाही."

"मला ठावं हाय की," आबा म्हणाले. "दर फळीच्या कोपऱ्यात सही असती. मला विंग्रजी येत न्हाई, पर तुज्या पत्राखालची विंग्रजी सही मी दहा वर्सं बगतुया. वळखू येत न्हाई व्हय?"

"मग लोकांना माझं काम म्हणून का सांगता?"

आबा त्याला हाताला धरून आत घेऊन गेले आणि सापावर काठी टेकवली. "ह्यात सा रंग हायेत. एकबी रेगंबाहीर न्हाई. त्ये कुणाचं काम?"

मिलिंदनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. आबांनी त्याला शेजारी बसवून घेतलं.

"आता सांग. पयला रंग वाळल्याबिगर दुसरा देता येत न्हाई का?"

मिलिंद सांगू लागला. आधी अडखळत, मग दोन्ही हातांनी हवेतच रंग ओढून दाखवत. आबा गुडघे पोटाशी घेऊन ऐकत होते. इतक्या वर्षांत त्यांना असं गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. पोस्ट उघडायला उशीर होत होता, पण माझा पाय निघेना.