देशाच्या बुद्धीचा सरासरी नळ

देशाचं बौद्धिक भांडवल मोजणाऱ्या विभागाचे प्रमुख स्वतःची बुद्धी गहाण पडल्यासारखे बसले होते. आकडा यंदाही घसरला, तर विभागाला टाळं आणि त्यांची बदली गुरं मोजायला.

पाहणीतला प्रश्न लोकांना कळतो का, हे बघायला त्यांनी घरी निवृत्त सासऱ्यांना फोन लावला. "बाबा, वर्षभरात काही नवीन शोधून काढलंत?"

"रोजच काढतो! नळाला दोरी बांधलीय. आता पलंगावरून सोडता येतो."

"आणि बंद?"

"त्यावर काम चालू आहे."

हे उत्तर नुसतं चाचणीचं होतं, पण सहायक बाईंनी ते चुकून खऱ्या उत्तरांत घातलं. निवृत्तांच्या गटात दुसऱ्या कुणी उत्तरच दिलं नव्हतं. साहजिकच कागदावर देशातला प्रत्येक निवृत्त माणूस रोज एक शोध लावू लागला आणि आकडा आभाळाला भिडला.

चूक ध्यानात येईपर्यंत सचिवांचा फोन आलाच. "शाबास! असं एखादं निवृत्ताचं घर दाखवा. आत्ताच निघू."

सासरे एकच, घरही एकच. प्रमुख सचिवांच्या गाडीत बसले.

"ओढा, साहेब, घाबरू नका," सासऱ्यांनी दोरी पुढे केली. सचिवांनी ओढली. नळ दोरीसकट हातात आला आणि पाण्याने सचिवांचा चष्मा उडवला.

"बाबा, परत?" आतून प्रमुखांची बायको ओरडली.

प्रमुखांना डोळ्यांपुढे गुरं दिसू लागली. आता बुडालोच आहोत, तर खरं बोलून बुडावं, म्हणून ते म्हणाले, "साहेब, आकडा चुकलाय. हे सगळे शोध एकट्या यांचेच आहेत."

सचिव शर्ट पिळत म्हणाले, "म्हणजे बाकीच्यांना तुम्ही विचारलंच नाही?"

"नाही, साहेब."

"मग विचारा! आकडा मागे घ्या आणि सगळ्या निवृत्तांकडे जा. दोन वर्षं तरी या विभागातून हलू नका. माझे वडीलही दिवसभर काहीतरी खोलून बसलेले असतात. मी आपला ओरडतो."

सचिव आत टॉवेल मागायला गेले, तसे सासरे जवळ आले. "जावईबापू, या घरात मला फक्त 'काय मोडलंत?' एवढंच विचारतात. 'काय शोधलंत?' असं तुम्हीच पहिल्यांदा विचारलंत. फार बरं वाटलं हो."

खरे उपकार कुणाचे कुणावर, हे प्रमुखांना सांगायचं होतं. पण शब्द जुळून बाहेर येईपर्यंत सचिवांच्या गाडीचा वायपर सासऱ्यांच्या हातात होता.