देविदासभाऊंचा पंप

देविदासभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी चपला काढत, डोळे मिटून क्षणभर अनवाणी उभे राहत आणि घरच्या माणसाला हळूच विचारत, "खाली कोण चालून राह्यलं?"

पाण्याला ते कधी 'काय' म्हणत नसत, 'कोण' म्हणत. आमच्या गल्लीत नव्याने राहायला आलेल्या बँकवाल्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या बायकोने त्याच आठवड्यात दुसरं घर बघितलं. पुढे फरशी उखडली, तर खाली खरोखरच नळाचा पाइप फुटून पाणी धावत होतं. आता भाऊंचे आभार मानावेत की गेलेला भाडेकरू मागावा, हे घरमालकाला बरेच दिवस ठरवता आलं नाही.

भाऊ मुळात पाणाडे. तळहातावर आडवा नारळ घेऊन शेतातून फिरायचे. नारळ उभा राहिला की तिथं बोअर. मग वऱ्हाडात कापसाचे आणि पावसाचे वाईट दिवस आले. नारळ उभा राहायचा आणि बोअरमधून नुसता फुफाटा निघायचा. वलगावला थोरल्या बहिणीच्या शेतातही तेच झालं. त्या दिवसापासून शकुंतलाताई भावाशी बोलेनाशा झाल्या. भाऊंनी पाणी दाखवणं सोडलं आणि अकोल्यात, माझ्या स्टेशनरीच्या दुकानाला लागून, लग्नपत्रिका छापून देणारं कॉम्प्युटरचं दुकान टाकलं.

पण अकोल्याचा मे महिना. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि ऐन लग्नसराईत भाऊंचा कॉम्प्युटर तापून बंद पडायचा. कॉम्प्युटर पाण्याने गार ठेवता येतो असं त्यांनी कुठंतरी वाचलं आणि अंगात आल्यासारखे कामाला लागले. भंगारातल्या मोटारीचा छोटा रेडिएटर आला, पारदर्शक नळ्या आल्या, तांब्याची चकती आली. पंप तेवढा राहिला. नेमका तेव्हाच वलगावहून निरोप आला, ताई पोरीची पत्रिका करायला येताहेत. पत्रिका मामाच्याच दुकानातली पाहिजे, असा भाचीचा हट्ट होता.

"तिच्यासमोर पाणी थांबलं नाई पायजे," भाऊ मला म्हणाले. "एकदा थांबलं तेवढं पुरे झालं."

पंप निवडायला मी सोबत गेलो. असला तमाशा मी सोडत नाही. कूलरचं सामान विकणाऱ्या रफिकभाईंनी बादलीत एकेक पंप चालवून दाखवला. भाऊ बादलीला कान लावून बसलेले. कूलरच्या पंपाला म्हणाले, "हा लय ओरडते. माह्या नळ्या उपटून टाकन." माशांच्या टाकीतल्याला म्हणाले, "हा गुणाचा आहे, पण याले चढाले दम नाई." आणि मग त्यांनी पिशवीतून नारळ काढला.

"दादा, ये दुकान है, खेत नहीं," रफिकभाई म्हणाले.

भाऊंनी ऐकलं नाही. नारळ तळहातावर ठेवून ते फळ्यांसमोरून सावकाश चालत गेले. अगदी शेवटच्या फळीवर, धुळीत पडलेल्या एका बिनखोक्याच्या पंपापाशी आले आणि नारळ उठला. झोपेतलं माणूस हाताला टेकून उठतं, तसा.

रफिकभाई पान चघळायचे थांबले. त्यांनी पंप उचलून उलटा केला, हलवला. थेंब पडला नाही. "इसने बरसों से पानी नहीं देखा," ते म्हणाले. मग पंप भाऊंच्या हातात ठेवत म्हणाले, "ले जाव. मेरे को नहीं रखना."

ताई आल्या त्या भर दुपारी. भावाच्या शेजारी बसल्या आणि बोलल्या माझ्याशी. "त्याले सांगा, पोरीचं नाव मोठं पायजे."

"ताईले सांगा, मोठंच केलं," भाऊ म्हणाले.

मी बापडा मधे बसून दोघांचं दोघांना सांगत होतो, आणि मनातून खूश होतो. नळ्यांतून पाणी संथ फिरत होतं.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला. कॉम्प्युटर बॅटरीवर होता, पण पंपाची वायर भाऊंनी घाईत सरळ भिंतीत खोचली होती. आता कॉम्प्युटर तापेल, आता बंद पडेल. भाऊंची बोटं जागच्या जागी थांबली. नळीकडे बघायची त्यांची हिंमत होत नव्हती.

ताई उठल्या. नळीवर कान टेकवून त्या बराच वेळ तशाच राहिल्या. मग थेट भावाकडे बघून म्हणाल्या, "थांबला काहून, देवा? येऊन राह्यलं पाणी. लिव, मामाच्या जागी तुहं नाव लिव."

भाऊ लिहू लागले. पडदा उजळलेलाच होता. मी टेबलाखाली हात घालून हळूच पंप चाचपला. निपचित होता. वर ताई, नळीवरचा कान न काढता, भावाला एकेक नाव सांगत होत्या.