भिंतीवरच्या चार मडमा

शेजारच्या बापूभावजींकडे चहा हवा असेल, तर आधी भिंतीवरच्या तीन मडमांना नावानिशी नमस्कार करावा लागतो. चौथीचं नाव अजून कळलेलं नाही, म्हणून तिची माफी मागायची. मुलांनो, सुट्टीत याल तेव्हा हसू नका. हसणाऱ्याला ते बिनसाखरेचा चहा देतात.

या मडमा म्हणजे जुन्या काळच्या इंग्रज सरदारांच्या बायका. मूळ चित्रं रंगीत. त्यांवरून कारागिरांनी तांब्याच्या पत्र्यावर नकला करून त्या कागदावर छापल्या. आधी सगळा पत्रा खरखरीत करायचा. तसाच छापला तर नुसता काळोख उमटतो. मग जिथे उजेड हवा तिथे घासून गुळगुळीत करायचं. "काळोखातून बाई बाहेर काढायची, वहिनी. गंमत नाही," भावजी म्हणतात.

बोटीवर इंजिनात नोकरीला असताना कुठल्याशा बंदरातल्या जुन्या बाजारात त्यांना ही चित्रं मिळाली. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून चौघी बल्ब लावलेल्या कपाटात राहतात. भावजींचे सदरे बाहेर दोरीवर, ओले ते ओलेच.

चित्राखाली छापलेलं असतं, अमक्या परगण्याची सरदारीण. भावजींना ते मान्य नाही. "हा नवऱ्याचा पत्ता झाला. बाईचं नाव काय?"

मला इंग्रजी येतं, म्हणून शोध माझ्या गळ्यात पडला. शार्लट, मेरी, हॅरिएट सापडल्या. चौथी काही केल्या सापडेना. भावजी रोज सकाळी फाटकाशी हजर. काही कळलं? शेवटी वैतागून मी म्हटलं, एखादं छानसं नाव ठेवा आणि मोकळे व्हा.

ते फाटकाची कडी चाचपत राहिले.

"तेच केलं होतं की. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'सुनंदा' लिहिलं नि मोकळे झालो. शेवटच्या दुखण्यात सुनंदा, सुनंदा म्हणून हाका मारल्या, तर बघेना. मालगुंडहून तिचा भाऊ आला, तो म्हणाला, कमळे. तेव्हा डोळे उघडले."

जाता जाता त्यांनी विचारलं, "वहिनी, तुमचं माहेरचं नाव काय हो?"

ते तुमच्या बाबालाही ठाऊक नाही. भावजींना मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकातून हाक आली, "इंदूवहिनी, काही कळलं?"

अजून नाही, म्हटलं, आणि कॉम्प्युटर लावला.