होडी, भाकरी आणि आठ भोकं

मला दुरुस्त करता येत नाही अशी वस्तू अजून जन्माला यायची आहे! मानोरा गावात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, तेव्हा हे मी उगाच बोलत नाही. बंद पडलेल्या एका रिसॉर्टची प्लास्टिकची कयाक, म्हणजे एका माणसाची वल्ह्याची होडी, मला मिळाली आणि मी तिथंच ठरवलं, हिला फ्लाय फिशिंगसाठी सजवायचं. गळाला गांडूळ नाही, पिसांची खोटी माशी! ती काठीला झोका देऊन पाण्यावर टाकायची, की मासा फसलाच. मोबाइलवर एक गोरा रोज करून दाखवत होता.

बायकोनं, म्हणजे उज्ज्वलानं, होडीला एक फेरी मारली.

"रविवारी माहा भाऊ जेवाले येऊन राह्यला. बजारातून मासे आणा."

"बजारातून कायले? मी धरून आणतो! तू फक्त मसाला वाटून ठेव."

"आन नाई सापडले त?"

"त होडी तुही!"

"बरं. माह्या बकऱ्याईले पाणी प्याले कामी येईन."

झालं! आता माघार नव्हती. शेजारच्या रंगूबाईच्या कोंबड्याची पिसं आणि उज्ज्वलाच्या साडीचे गोंडे घेऊन मी माशी बांधली. ती माशी कमी आणि वरातीतला नवरदेव जास्त दिसत होती, पण माशांना काय कळतंय!

मग होडी सादिककडे नेली. तो कूलर आणि टाक्या बनवतो. बसायला उंच खुर्ची, काठी उभी ठेवायला पाइप, एवढं सांगून मी म्हणालो, "आन तुले काही कमी वाटलं त तेबी करून टाक." वाचकहो, हे वाक्य कुठल्याही कारागिराला चुकूनही बोलू नका.

शनिवारी सादिकनं मला कोपऱ्यात घेतलं. "बादलभाई, तुमाले त्या रिसॉर्टवाल्यायनं फसवलं. होडीच्या बुडाले आठ भोकं होती, आरपार! मी सारी बुजवली. आता एक थेंब आत येत नाई."

मी त्याला मिठीच मारली.

रविवारी तलावावर पुंजाजीबाबा जाळं सांधत बसले होते. पन्नास वर्षं त्यांनी याच पाण्यात मासे धरलेत.

"खुर्ची लय उंच झाली बापा," ते म्हणाले.

"बाबा, हे नवीन शास्त्र आहे!"

पहिला झोका दिला. माशी मागे गेली आणि माझ्याच शर्टाच्या पाठीत रुतली. ती काढायला वळलो, होडी कलली, घमेलंभर पाणी आत. दुसऱ्या झोक्याला आणखी दोन घमेली. उज्ज्वलानं दिलेला डबा उलटला आणि भाकरीचे तुकडे होडीतल्या पाण्यावर तरंगायला लागले. पाणी काही बाहेर जाईना! ती आठ भोकं आत आलेलं पाणी बाहेर सोडायलाच असतात, हे त्या गोऱ्यानं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

पण मी हटलो नाही. घरी मसाला वाटून तयार होता! साळ्यापुढं पिठलं वाढायची लाज वाटत होती. खुर्चीवर उभा राहिलो, जीव खाऊन तिसरा झोका दिला आणि खुर्चीसकट तलावात गेलो. होडी काठोकाठ बुडाली. पाणी कमरेएवढंच होतं, म्हणून हे सांगायला मी शिल्लक आहे.

पुंजाजीबाबांनी दोर बांधून होडी हळूहळू काठाला ओढली. मी रागानं ती उलटी करणार, तोच ते ओरडले, "थांब लेका! आत पाह्य!"

आत पाच रोहू! भाकरी खात फिरत होते. होडी बुडाली तेव्हा काठावरून आत शिरले होते, आणि सादिकच्या कृपेनं पाणी आतच राहिलं, म्हणून तेही!

जेवताना मी मिशीवर ताव देत म्हणालो, "शेवटी माशीनं काम केलंच!" पण पुंजाजीबाबाही पंगतीला होते. त्यांनी रश्शाचा भुरका मारला आणि सगळं सांगून टाकलं. साळ्याला ठसका लागला.

उज्ज्वला शांतपणे म्हणाली, "भाकर माही. भोकं सादिकभाऊनं बुजवली. होडी बाबानं ओढली. मंग तुमी काय केलं?"

"मी... पडलो."

पैज मात्र मीच जिंकलो, होडी माझीच राहिली! आता दर रविवारी उज्ज्वला भाकरीचा डबा बांधून मला पुंजाजीबाबांसोबत तलावावर धाडते. काठी घरीच ठेवून घेते. म्हणते, तुमी फक्त पडा.