दोष आढळला नाही

मी फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो. तेवीस वर्षं झाली. त्यामुळे बायको पहिल्यांदा म्हणाली, "अहो, अंगातून नुसत्या वाफा निघतायत," तेव्हा मी एक साधा निर्णय घेतला: खोलीचं तापमान मोजायचं. (दुसऱ्या कुणी आधी बायकोकडे बघितलं असतं. मी भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बघितलं.)

"चोवीस डिग्री. चोवीसला कुणाला उकडत नाही."

"मला उकडतंय ना! छाती धडधडते. काल शिवण घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाचं नावच आठवेना, आणि..."

"थांब, थांब. एका वेळी एक तक्रार."

आमच्याकडे दुरुस्तीच्या प्रत्येक कामाला एक कार्ड असतं. तक्रार, तपासणी, शेरा. यंत्र ठीक निघालं की 'दोष आढळला नाही' असं लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यायची, म्हणजे पुन्हा बोंबाबोंब नको. (दोष निघालाच तर तो आधीच्या मेकॅनिकचा. हे आम्ही पहिल्याच दिवशी शिकतो.) मी कार्ड भरलं आणि गंमत म्हणून बायकोपुढे धरलं. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि सही केली. मला वाटलं, तिलाही गंमत वाटली.

त्यानंतर तक्रार आली नाही. पाच महिने! आमच्या धंद्यात फोन आला नाही म्हणजे काम चोख झालं. ती जेवताना मधेच उठून तोंडावर पाणी मारायची, तिचं शिलाई मशीन दिवस दिवस झाकलेलं असायचं. हे सगळं मला दिसत होतं. दिसत होतं, एवढंच.

एका रविवारी माझी ताई आली. आत बायको शाळेच्या एका शर्टात तोंड खुपसून रडत होती. वीस वर्षं लोकांचे कपडे शिवणाऱ्या बाईनं दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या होत्या.

"अगं, पाळी जायच्या आधीची वर्षं ही," ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "मीही अशीच रडायचे. कपाटात डोकं घालून."

मग बायको बोलायला लागली, माझ्यादेखत. पाळीचा भरवसा नाही, झोप नाही, आत नुसता जाळ, तोंडातला शब्द तोंडातच हरवतो. "मला वाटलं, मला वेड लागतंय. चार गिऱ्हाइकांचं कापड परत केलं मी. शिवणं सुटलं तर माझं म्हणून काय राहिलं?"

"मग मला का नाही सांगितलंस?" मी म्हणालो.

"सांगितलं होतं. सही आहे माझी."

पाच महिने ही बाई माझ्या शेजारी बसून एकटी घाबरत होती, आणि मी लोकांच्या फ्रिजना कान लावत हिंडत होतो. लाज वाटली. आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. "कधीपासून होतंय?" त्यांनी विचारलं. मी तत्परतेनं कार्ड पुढे केलं. (तारीख होती ना त्यावर!) त्यांनी ते दोनदा वाचलं.

"दोष आढळला नाही? हे कुणी लिहिलं?"

तेवीस वर्षांची सवय. तोंडून निघून गेलं, "आधीच्या मेकॅनिकनं."

बायको हसली. पाच महिन्यांनी हसली. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "डॉक्टर, तो अजून आमच्याच घरी असतो. बदलून मिळत नाही."