सोळाव्या घराचं रूपांतर

जुन्या टेलिफोन सर्किटांना मेगाबिटमध्ये रूपांतर करून घ्यायचं असेल तर स्वतः कार्यालयात हजर राहावं लागतं. सोमवारी बोरखेडी–पानगाव सर्किट सकाळच्या एसटीने आलं आणि टेबल क्रमांक तीनसमोरच्या बाकावर बसलं. त्याला बत्तीस घरं होती, म्हणजे एकाच तारेवरून पाळीपाळीने जाण्याच्या बत्तीस जागा, त्यामुळे बाक पुरला नाही.

टेबलावर कालिंदी उपासे होत्या. एक्स्चेंजमध्ये त्यांची एकतीस वर्षं झाली होती. गेल्या चार महिन्यांत त्यांनी एकसष्ट सर्किटांचं रूपांतर केलं होतं आणि आता त्यांचा उजवा खांदा वर जात नव्हता. त्यांनी फॉर्म ओढला.

"कधी बसवलं तुम्हाला?"

"एक्याण्णव साली. मधे दोनदा वीज पडली."

"त्याला रकाना नाही. बोलणारी घरं किती?"

"तीस."

दर घराचे सेकंदाला चौसष्ट किलोबिट. तीस गुणिले चौसष्ट, भागिले हजार. "एक पॉइंट नऊ दोन मेगाबिट," बाई म्हणाल्या. "इथे सही करा."

सर्किटाने सही केली नाही. "बाई, दोघं राहिले."

राहिलेल्यांत एक शून्य क्रमांकाचं घर होतं आणि एक सोळावं. शून्य ठेका धरायचं, म्हणजे बाकीच्यांना आपली पाळी कळायची. कोणी कोणाला फोन लावला, कोणी ठेवला, हे सोळावं सांगायचं. एवढ्या वर्षांत दोघांमधून माणसाचा एक शब्दही गेला नव्हता. फॉर्म फक्त बोलणाऱ्यांचा होता.

"उरलेलं इथे जमा होतं," बाईंनी मागचं लोखंडी कपाट दाखवलं.

"आधीच्यांचेही आत आहेत?"

"एकशे बावीस."

कपाटातून ठेक्याचा बारीक आवाज येत होता. चार महिने बाईंना वाटत होतं की पंखा वाजतोय. त्यांनी उठून पंखा बंद केला. आवाज चालूच राहिला.

त्या फाइल घेऊन टाकसांडे साहेबांकडे गेल्या. साहेब डोळ्यांत औषध घालून मान मागे टाकून बसले होते.

"साहेब, बोरखेडीचं दोन पॉइंट शून्य चार आठ लिहावं लागेल. बत्तीसच्या बत्तीस घरं धरून."

"गोल करा. दोन लिहा."

"दोनमध्ये तीस बोलणारे आणि शून्य बसतात. सोळाव्याचा पाव भागच बसतो. पाऊण इथे ठेवावा लागेल."

साहेबांनी रुमालाने डोळे टिपले.

"न बोलणाऱ्यांना का धरलं, त्याचं कारण लिहा. मी सही करतो. पण मग आधीच्या एकसष्ट जणांना परत बोलवावं लागेल."

"माहीत आहे."

"पत्रं तुम्हालाच लिहायची आहेत."

"तेही माहीत आहे, साहेब."

कारणाच्या रकान्यात बाईंनी लिहिलं, 'हे दोघं गप्प राहिले म्हणून बाकीच्यांना बोलता आलं.' अजून काही लिहायला हवं होतं, पण रकाना संपला होता. सर्किट दाखला घेऊन दुपारच्या गाडीने परत गेलं.

गुरुवारी पहिलं पत्र मिळालेलं सर्किट आलं, पिंपळखुटा–वाडेगावचं. जिन्यापासूनच त्याची तीसही घरं एकदम बोलत होती. कोणाचं कोणाला पोचत नव्हतं. अकराव्या घरात एक बाई चार महिने तेच विचारत होती, "सुलभा बाळंत झाली का? कोणी सांगेल का?"

उपासे बाईंनी कपाट उघडलं, चिठ्ठी बघून त्या सर्किटाची जोडी काढली आणि जागेवर बसवली. शून्याने ठेका धरला. घरं एकेक करून थांबली आणि आपापल्या पाळीला बोलू लागली. सोळावं अकराव्या घरापाशी गेलं आणि वाडेगावचा फोन कधीचा खोळंबला आहे, एवढं सांगून बाजूला झालं.

"मुलगी झाली, ताई," पलीकडून आवाज आला. "आता कुशीवर वळते."

"नाव काय ठेवलं?"

"तुझ्यासाठी थांबलो होतो."

उपासे बाईंनी फॉर्मवर दोन पॉइंट शून्य चार आठ लिहिलं. सर्किटाची सही हवी होती. बोलणं संपेपर्यंत त्या पेन धरून बसून राहिल्या.