बेचाळीस मिनिटं, चोवीस सेकंद

“बेचाळीस मिनिटं, चोवीस सेकंद!” भाच्याने कर्कटक मिटलं. “मामा, तुझा पेपर वाचून होईपर्यंत आपण मावशीसमोर!”

भाचा मोजणी खात्यात होता. लोकांच्या जमिनी मोजून भावाभावांत भांडणं लावणं हा त्याचा पगारी व्यवसाय. आज पहिल्यांदाच तो एक भांडण मिटवायला निघाला होता. मामा आणि मावशी, सख्खे बहीणभाऊ, आईच्या शिवणयंत्रावरून अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आणि आज दुपारी एकच्या विमानाने मावशी निघाली होती मुलीकडे, परदेशी, कायमची! त्याआधी तिला गाठायचं होतं. नकाशावर दोन विमानतळांमधलं अंतर दोनशे बारा किलोमीटर, विमानाचा वेग ताशी तीनशे. वेळापत्रक कशाला बघायचं? वेळापत्रकं ज्यांना मोजता येत नाही त्यांच्यासाठी असतात!

नऊला विमान उडालं. नऊ खुर्च्या, डालड्याच्या डब्याला पंख फुटावेत तसं. मामा खिडकीला तोंड लावून सराव करत होता, “ताई, चुकलं माझं.” एकदा नरमाईने, एकदा जरा ताठ मानेने.

“सूर्य या बाजूला कसा रे?” त्याने मध्येच विचारलं.

“वळण असेल.”

वळण नव्हतं. विमान भलत्याच दिशेच्या एका माळावर उतरलं. औषधांची खोकी खाली, एक दाढदुखीवाला वर.

“अहो, सरळ का नाही जात?” भाचा वैमानिकावर तडकला.

“मध्ये डोंगर आहे ना.”

“नकाशात नाही!”

“कुठल्या नकाशात?”

भाच्याने दाखवला. त्यात प्रत्येकाचं शेत होतं, कुंपण होतं, विहीरसुद्धा होती. उंची मात्र कशाचीच नव्हती.

दुसऱ्या ठिकाणी धावपट्टीवर मेंढ्यांची सभा भरलेली. ती उठेपर्यंत विमान घारीसारखं घिरट्या घालत राहिलं. तिसऱ्या ठिकाणी इंधन भरणारा माणूस इंधन आणायला गेला होता. एक वाजला. मामाचा सराव थांबला.

“गेली असेल रे ती,” तो हळूच म्हणाला.

भाच्याने त्याच्या हातावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एकही आकडा सुचला नाही.

पावणेदोनला विमान टेकलं. मामा धापा टाकत धावला. आणि समोर मावशी! तीन पेट्यांच्या पहाऱ्यावर, हात कमरेवर.

“ताई! गेली नाहीस?”

“कशाने जाणार? या भागात विमान एकच! हेच! मघापासून त्याचीच वाट बघतेय! आणि तू इकडे कशाला तडमडलास? परत जाताना हे तुझ्याच गावी तासभर थांबतं!”

मामाची माफी कुठल्या कुठे उडाली. “याने आणलं मला!”

“याने? याला दहावीपर्यंत घड्याळ कळत नव्हतं!”

“आता तरी कुठे कळतंय, ताई!”

अकरा वर्षांचा अबोला सुटला तो हा असा.

तेवढ्यात वैमानिक आला. “वजन जास्त होतंय. एक पेटी ठेवा, नाहीतर एक माणूस.”

“पेट्या येणार!” बहीणभाऊ एका सुरात म्हणाले.

पुढचं विमान गुरुवारी होतं. भाचा तारेच्या कुंपणाला धरून उभा राहिला. विमानाच्या खिडकीत दोन डोकी एकमेकांना चिकटलेली दिसली. त्याला भरून आलं. त्याने हात हलवला. मग नीट पाहिलं, तर दोघंही त्याच्याकडे बोट दाखवून तावातावाने काहीतरी बोलत होते, आणि पूर्ण सहमत होते.